घराचं दावं

सोलापुरात माझं स्वतःचं घर होतं, आणि त्या घराच्या मधल्या खोलीत अडीच हात लांब, दोन हात रुंद असा एक खड्डा होता. तो माझा नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. हातात तापलेली आमटी घेऊन पाच वर्षं त्या खड्ड्याला वळसा घालायची वेळ तुमच्यावर आली असती, म्हणजे कळलं असतं.

खड्डा ताताचा होता. तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. गल्ली सगळी तेलुगू विणकरांची, त्यामुळे पोराटोरांपासून थोरांपर्यंत सगळे त्यांना ताताच म्हणायचे. मीही तोंडावर ताताच म्हणायची. मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणायची, ते इथे लिहीत नाही.

तेव्हा आम्ही स्टेशनजवळ एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, दोन मुलं, आणि मंद्रूपहून आणलेल्या सासूबाई. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दसऱ्याच्या आत खोली रिकामी करा, असा निरोप आला. मी म्हटलं, आता भाड्याची खोली बास. घर घ्यायचं तर हीच वेळ. दुष्काळ नुकताच सरला होता. सूत मिळत नव्हतं, मिळालं तर परवडत नव्हतं. हातमाग बंद पडले होते आणि विणकर घरं विकून भिवंडीच्या पॉवरलूमवर चालले होते. दर चार घरांआड एका दारावर खडूने ‘घर विकणे आहे’ लिहिलेलं, आणि घेणारं कुणी नाही. आज सांगितलेला भाव आठवड्याने मालक स्वतःच कमी करायचा.

पण आमचं नशीब बघा. कुठल्याही घराचे कागद काढले की त्यात तीन भाऊ आणि दोन चुलते निघायचे. एक भिवंडीला, एक सुरतेला, एकाचा पत्ताच नाही. अशा घरावर ऑफिसचं कर्ज मिळत नव्हतं. स्वच्छ, एकाच नावाचे कागद अख्ख्या गल्लीत फक्त ताताकडे होते. वर घरात नळ. सोलापुरात घरात नळ म्हणजे काय, ते ज्याने घागरी वाहिल्यात त्यालाच विचारा.

ताता ओट्यावर बसले होते. किडकिडीत बांधा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. भाव सांगितला तो दुष्काळाआधीचा.

“अहो ताता,” मी म्हटलं, “शेजारचं घर याच्या निम्म्यात देतायत.”

“मग ते घ्या की.”

“बाजार पडलाय, तुम्हाला माहीत नाही का?”

“बाजार पडलाय, माझं घर कुटं पडलंय? भिंती बघा, उभ्या हायत.” मग जरा पुढे वाकून समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, भाव उतरवला की लोक म्हणत्यात मालच खोटा. पन्नास वर्षं लुगडी विकली, एकदा बी भाव उतरवला न्हाई. भाव तोच. वर काय पाहिजे ते मागा.”

वर म्हणजे काय ते मला आधी कळेना. मग उमगलं. डझनभर टॉवेल घेतले की एखादा रुमाल वर देतात, तसं. मी चिडून म्हटलं, शिडी द्या. दिली. वाटणाचा दगडी रगडा द्या. दिला. दारातली तुळस वृंदावनासकट द्या. दिली. मी मागत गेले, ते मान डोलवत गेले, आणि भाव जागचा हलला नाही. आमचे हे गप्प उभे राहून मजा बघत होते. शेवटी सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “ती बकरी द्या मग.”

ताता उठले, खुंट्याला बांधलेली बकरी सोडली, तिच्या गळ्यातलं दावं काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि मोकळी बकरी सासूबाईंपुढे उभी केली.

“अहो, दावं?” मी विचारलं.

“जनावर देत्यात. दावं देत न्हाईत.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनीच मला दटावलं. “बरोबर हाय त्येंचं. दावं दिलं की घरची बरकत जाती मागनं. आमी बी कदी दिलं न्हाई.” आणि त्या माउलीने भर रस्त्यात कमरेच्या चंचीची लांब नाडी काढून बकरीच्या गळ्यात बांधली. ती बकरी नाडीला हिसके देत स्टेशनपर्यंत आमच्याबरोबर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा तमाशा पुढेच होता. खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीबाहेर लिंबाखाली दस्तलेखक मजकूर वाचून दाखवत होता. खरेदीखताची ती जुनी ठरलेली भाषा, घर दिलं ते जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह वगैरे. ताता डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “ह्यात खड्डा कुटं हाय?”

“कुठला खड्डा?”

“मागाचा. मधल्या खोलीत हाय तो. विणकर बसतो त्यात पाय सोडून. तो मी विकला न्हाई.”

दस्तलेखकाने टाक खाली ठेवला. “आजोबा, खड्डा म्हणजे काही वस्तू नाही. माती काढली की उरतो तो खड्डा. तो कसा मागे ठेवणार?”

“बकरी दिली, दावं ठेवलं. घर दिलं, खड्डा ठेवला. त्यात अवघड काय हाय?”

मी कपाळाला हात लावला. सासूबाईंकडे आशेने बघितलं, तर त्या म्हणाल्या, “घराचं दावं हाय व्हय ते? मग न्हाईच देणार ते.” मी म्हटलं, राहू द्या, हे घरच नको. पण दसरा बारा दिवसांवर, सामान अर्धं बांधलेलं. ह्यांनी मला बाजूला घेतलं. “अडीच हात जागा आहे. म्हाताऱ्याचा हट्ट. जातील चार महिन्यांत मुलाकडे.” मी सही केली. त्या कागदात खड्ड्याच्या चतुःसीमाही लिहिल्या आहेत. पूर्वेस खरेदीदाराची फरशी, पश्चिमेस खरेदीदाराची फरशी, दक्षिणेस खरेदीदाराची फरशी, उत्तरेस खरेदीदाराची फरशी. आमच्या ऑफिसच्या अधीक्षकांनी तो मजकूर तीनदा वाचला आणि काही न विचारता कर्जाच्या कागदावर सही केली.

चार महिने कसले! आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला दारात खोकला आला. “येऊ का मालकीणबाई?” आणि उत्तराची वाट न बघता ताता आत. खड्डा त्यांचा, म्हणून त्यावरचा माग त्यांचा, आणि माग काही अडीच हातांत मावत नाही, म्हणून अर्धी खोली त्यांची. त्यांनी मागाभोवती जुन्या चादरींचा पडदा बांधला. सुतावर धूळ बसते म्हणे. पडद्याच्या आत मुलांनी जायचं नाही, मी तर नाहीच नाही. माझ्या घरात मला बंदी!

राहायला ते दोन गल्ल्या पलीकडे धाकट्या भावाकडे गेले होते. मुलगा भिवंडीला होता आणि दर पत्रात या म्हणून लिहायचा. हे जायचे नाहीत. रोज सात ते अकरा माझ्या घरात टाक-टाक, टाक-टाक. मी आठवड्याआड रात्रपाळीला. आठ तास कानाला हेडफोन लावून ‘हॅलो, पुणे बोला, हॅलो’ करून सकाळी घरी यायचं, डोळे मिटायचे, आणि उशाशी ती टाक-टाक. डोकं नुसतं भणभणायचं. मी सांगून पाहिलं, हात जोडले, भांडले. त्यांचं एकच. “मी माझ्या जागेत बसलोय की.”

आणि माणूस इतका काटेकोर की राग काढायलाही जागा ठेवायचा नाही. नळ मला विकला म्हणून त्या नळाचं पाणी प्यायचे नाहीत, भावाच्या घरून तांब्या भरून आणायचे. फरशी माझी, म्हणून दारापासून खड्ड्यापर्यंत मोजून चार ढांगांत जायचे. सासूबाईंनी एकदा चहा दिला, तर विचारलं, “फरशीवर देताय का खड्ड्यात? फरशीवर दिला तर मी पाहुणा. खड्ड्यात दिला तर तुमी माझ्याकडं आलात, मग सुपारी मला द्यावी लागंल.” सासूबाईंनी खड्ड्यात दिला आणि सुपारी घेतली. मला ही असली थेरं बघून हसू यायला हवं होतं. पण झोप न झालेल्या माणसाला कसलं हसू येतं?

अशी तीन वर्षं गेली. एकदा लागोपाठ सहाव्या रात्रपाळीनंतर माझं डोकं फिरलं. उठले, मधल्या खोलीत गेले आणि पडदा खसकन ओढला. चादरींसकट दोरीच खाली आली.

मागावर एक धागा नव्हता.

ताता खड्ड्यात पाय सोडून बसले होते. पाय पावड्या दाबत होते, हात दोर ओढत होता, धोटा या टोकाहून त्या टोकाला धावत होता, आणि मधे काहीच नव्हतं. ना उभ्या धाग्यांचा ताणा, ना कापड. तीन वर्षं माझी झोप मोडून या माणसाने एक हातरुमालसुद्धा विणला नव्हता!

मी ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी धोटा थांबवला, चष्मा काढला आणि पुसत बसले. “सूत कुटनं आणू, बाई?” म्हणाले. “पण माग बंद पडला असं पोराच्या कानावर गेलं, की तो येतोय मला न्यायला. काम हाय म्हणून सांगितलंय मी त्याला. तितं भिवंडीत जाऊन काय करू? मशिनी बघत बसू?”

मी तशीच समोरच्या अक्कांकडे गेले. त्याही विणकरणी. म्हटलं, “अक्का, ऐकलं का? ताता रिकामा माग चालवतात! तीन वर्षं!”

अक्का ज्वारी निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “तुमाला आज कळलं व्हय?”

“म्हणजे?”

“भरला माग असा वाजतोय का कदी? भरल्या मागाचा आवाज दबका असतोय. हा कोरडा हाय. पयल्या दिवशीच सगळ्या गल्लीला कळलं की.”

म्हणजे गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत होतं, आणि ज्या बाईच्या डोक्यात तो घण पडत होता तिलाच तेवढं माहीत नव्हतं. भिवंडीत या गल्लीची निम्मी माणसं होती, दर आठवड्याला इकडून तिकडे पत्रं जायची, पण एकानेही हे लिहिलं नव्हतं. मला अक्कांचाही राग आला. तशीच घरी येऊन चादरी परत दोरीवर टाकल्या.

त्यानंतर महिनाभरातच मुलाची पत्रं आली. एक ताताला, की येत्या रविवारी न्यायला येतो. दुसरं चक्क मला. त्यात लिहिलं होतं, तुमच्या रात्रपाळीचं कानावर आलं, तातांमुळे तुम्हाला फार त्रास झाला. मी त्यांना घेऊन जातो. खड्डा तुमच्या नावाने लिहून देतो, स्टँपपेपर बरोबर आणतो.

पत्र वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मधली खोली मापली. खरं तेच सांगते. तिथे पलंग बसत होता. मुलांचं टेबल बसत होतं. आणि रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत झोप, गाढ झोप.

दुसऱ्या दिवशी ताता आले ते खोकलेच नाहीत. ‘मालकीणबाई’ही म्हणाले नाहीत. गपचूप आत जाऊन माग सुरू केला. तोच कोरडा आवाज. आता मलाही कळत होता. आणि मला कळत होता, तर जन्माने विणकर असलेल्या मुलाला गल्लीच्या तोंडाशीच कळणार होता. म्हाताऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं, तरी चालवतच होता. माझा असा संताप झाला! तुझ्या हट्टापायी मी तीन वर्षं जागले, आणि आता असा मुकाट्याने जाणार होय?

मी ऑफिसात जाऊन सणाचा ॲडव्हान्स उचलला आणि एका लुगड्याचं सूत आणलं. त्यांच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, “रविवारच्या आत हे मागावर चढलं पाहिजे. माझं पातळ विणा. पाचवारी.”

त्यांनी सूत बोटांत चोळून बघितलं. “बरं हाय सूत. पण पाचवारी न्हाई विणत मी. नऊवारी.”

“मी नऊवारी नेसत नाही!”

“मग शिका की.”

बघा! बुडतोय गळ्यापर्यंत आणि तोरा हा! पण गल्ली मात्र बोलावल्याशिवाय धावून आली. अक्का, त्यांच्या सुना, ताताचा भाऊ, सगळ्यांनी मिळून भर दुपारी गल्लीत ताणा पसरला. शनिवारी तो मागावर चढला आणि रविवारी सकाळी सातला मी पहिल्यांदा भरल्या मागाचा आवाज ऐकला. खरंच दबका होता. त्या आवाजात झोपही लागली असती, पण त्या दिवशी मी दारात उभी होते.

मुलगा आला. हातात पिशवी, त्यात गुंडाळलेला कागद दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि मान वाकडी करून ऐकू लागला. बराच वेळ ऐकलं. मग आत येऊन कापडावर हात फिरवला.

“सूत कुणाचं?” मला विचारलं.

“माझं. लुगडं टाकलंय विणायला.”

माझ्या पाचवारीकडे बघत म्हणाला, “तुम्ही नेसता नऊवारी?”

“सासूबाई नेसतात.”

“मग हे झालं की न्यायला काय हरकत आहे त्यांना?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “असं कसं? ह्याच्यामागे अजून दोन सांगितलीत मी.”

त्याने बापाकडे बघितलं. ताता मान खाली घालून विणत होते, जसं काही आमचं बोलणं त्यांच्या कानावरच येत नव्हतं. मुलाने चहा घेतला, बापाच्या पाया पडला आणि संध्याकाळच्या गाडीने स्टँपपेपर घेऊन परत गेला. माझा पलंग, टेबल, दुपारपर्यंतची झोप, सगळं त्या पिशवीतून गेलं.

लुगडं झालं. ताता घडी घालून घेऊन आले आणि भाव सांगितला. पूर्ण भाव.

“ताता, सूत माझं होतं!”

“भाव लुगड्याचा असतोय, सुताचा न्हाई. उतरवणार न्हाई. वर काय पाहिजे ते मागा.”

मी एवढी चिडले होते की ताडकन म्हटलं, “खड्डा द्या.”

त्यांनी चेष्टा केली नाही. खाली बसले आणि खरोखर विचार केला. मग म्हणाले, “वर मागायचं ते मालापेक्षा लहान मागायचं असतंय, बाई. खड्डा लुगड्यापेक्षा मोठा हाय.” आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येताना काहीतरी आणलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. बकरीचं दावं. बकरी आदल्या संक्रांतीलाच मेली होती. मी म्हटलं, “आता हे गळ्यात बांधू कुणाच्या? माझ्या?” तर म्हणाले, “आजवर कुणाला दिलं न्हाई मी दावं. ठेवा.” मग पडद्याआड जाता जाता थांबून म्हणाले, “पोराला अजून दोन सांगितलीत तुमी. सूत कदी आणताय?”

आणलं! काय करणार? एक नणंदेच्या गळ्यात मारलं, दुसरं आमच्या सुपरवायझरबाईंच्या आईच्या. मग त्यांच्या ओळखीच्या कुणीकुणी सूत देऊन लुगडी टाकली आणि ताता आणखी दोन वर्षं माझ्या मधल्या खोलीत बसून होते. भाव एकदाही उतरवला नाही.

ते गेले ते सोलापुरातच, भावाच्या घरी. आदल्या दिवशीपर्यंत मागावर होते. तेराव्यानंतर मुलगा आमच्याकडे आला. तोच स्टँपपेपर, घड्या पडून पिवळा झालेला, आता त्यावर मजकूर आणि सही होती.

“खड्डा तुमच्या नावाने लिहून दिलाय,” म्हणाला.

मी विचारलं, “किंमत?”

“किंमत नाही. ताता सांगून गेलेत. बाईंच्या तीन लुगड्यांवरचं मिळून वर द्यायचं राहिलंय, ते द्या म्हणाले. तीन लुगड्यांपुढे खड्डा लहान आहे म्हणे.”

मी कागद उलगडून चतुःसीमा वाचल्या. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मुलगा जरा घुटमळला, मग ओशाळून म्हणाला, “आणि एक. तुमच्याकडे बकरीचं दावं आहे ना, ते तेवढं परत मागितलंय. एका मालावर दोनदा वर देत नाही म्हणाले.”

मेल्यावरसुद्धा! मी त्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हटलं, “दावं होय? ते हरवलं हो कधीच.”

त्याने, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी केली होती तशी, मान जरा वाकडी केली. म्हणाला, “बरं.” आणि गेला.

खड्डा मी भरून घेतला. दोन गाड्या मुरूम लागला. वर पलंग टाकला, आणि हो, दुपारपर्यंत झोपते. दावं ट्रंकेत आहे, त्या नऊवारीच्या घडीत. घेतलं मी एका मालावर दोनदा वर, ताता. या आता भांडायला.